पुढचं सांगू नका

दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत आमच्या घरात सगळीकडे पोलीस होते. खरे नव्हेत, रेडिओवरचे. स्वयंपाकघरात, गाडीत, कपड्यांच्या घड्या घालताना, माझी नात सई जिथे जाईल तिथे ते बूट वाजवत तिच्या मागे यायचे.

यंदा पुन्हा पानं गळायला लागली आहेत. अ‍ॅशबर्नमध्ये, इथे अमेरिकेत, ऑक्टोबर उतरणीला लागला की आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर रोज सकाळी मेपलच्या पानांचा थर साचतो. केतकी, माझी सून, म्हणते, आई, तुम्ही झाडू नका, शनिवारी पानं उडवायला ब्लोअरवाले येतात. मी झाडतेच. पण यंदा झाडता झाडता हात मध्येच थांबतो. घरात पोलीस नाहीत. सई कॉलेजला गेली, इथून अडीच तासांवर. घर इतकं शांत असतं की रस्त्यापलीकडच्या त्या बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारतींची घरघर ऐकू येते. जगभरातलं बोलणं त्या इमारतींत साठवून ठेवतात, असं माझा मुलगा नितीन सांगतो. तो तशाच एका इमारतीत काम करतो. मला ते नीटसं समजलेलं नाही. एवढं बोलणं ठेवून कशाला घेतात, आणि ते ऐकतं कोण.

सईच्या शाळेच्या अर्ध्या राहिलेल्या वहीत मी हे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी बोलण्यापेक्षा मला लिहिणं बरं वाटतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी मागच्या खोलीत ताटं लावत बसते, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण त्या पानगळीपासून मनात जो गुंता झाला आहे, तो कागदावर उतरवला तर सुटतो का, ते पाहायचं आहे.

सई तेव्हा अकरावीत होती. इतिहासाच्या बाईंनी प्रोजेक्ट दिला होता. टीव्ही यायच्या आधी अमेरिकेत रेडिओवर पोलिसांच्या श्रुतिका लागत. त्यांत नाजूक गुन्ह्यांबद्दल कसं बोलत, हा तिचा विषय. नाजूक म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "आजी, मोठे लोक किड्ससमोर बोलत नाहीत ना, ते." दुपारी चारला शाळेची बस तिला कोपऱ्यावर सोडायची. ती दप्तर टाकायची, ओट्यासमोरच्या उंच स्टुलावर बसायची, स्पीकर लावायची आणि एका हातानं पोहे खात दुसऱ्या हातानं लिहायची. पलीकडे मी कणीक मळत असायची.

मला इंग्रजी येत नाही. दुकानात थँक्यू म्हणते आणि कुणी जास्त बोललं तर हसते. पण श्रुतिका ऐकायला भाषा फार लागत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं. लाकडी जिन्यावर बूट वाजले की कुणीतरी वर जातं आहे. दारावर टकटक झाली आणि आतून साखळी सरकली, की घरात बाई एकटी आहे. पुरुष आवाज खाली आणून बोलला की तो पोलीस, आणि आणखी खाली आणून बोलला की बातमी वाईट. एकदा भेंडी चिरता चिरता मी सहज म्हटलं, आता डॉक्टर बाहेर येईल. दार करकरलं आणि डॉक्टर बाहेर आला. सईनं स्पीकर बंद केला.

"आजी, तुला इंग्लिश येतं."

"नाही गं."

"मग कसं गेस केलंस? इतकी वर्षं फेक करतेयस ना तू? बाबाला सांगू?"

आम्ही दोघी हसलो. मग त्याचा खेळच झाला. पुढे काय होणार ते मी सांगायचं आणि सईनं वहीच्या मागच्या पानावर मला मार्क द्यायचे. मी बहुतेक पास व्हायची. जन्मात एवढे मार्क मला कधी मिळाले नव्हते. सई म्हणायची, आजी, तू डिटेक्टिव्ह व्हायला पाहिजे होतीस, आणि मला आतून गोड वाटायचं.

मी तिला सांगितलं की आमच्या लहानपणीही अशीच एक श्रुतिका लागायची, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. त्यात एक पोलीस साहेब होते. त्यांचा आवाज असा की पांघरूण घातल्यासारखं वाटावं. एखाद्या बाईवर किंवा मुलीवर काही वाईट प्रसंग आला असला, की ते तिच्या समोर बसायचे. ती बोलायला लागायची, तिचा आवाज फुटायचा, आणि साहेब म्हणायचे, "समजलं मला. पुढचं सांगू नका." मग सारंगी वाजायची. सारंगी थांबली की साहेब जीपमध्ये बसलेले असायचे. दर वेळी त्यांना सगळं समजलेलं असायचं, आणि शेवटी गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडायच्या. आम्ही मुली त्या सारंगीच्या वेळी एकमेकींकडे बघायचो नाही. काय झालं असेल ते माहीत नसायचं. पण काहीतरी झालं आहे, एवढं कळायचं.

"सेम थिंग," सई म्हणाली. तिनं शोधून काढलं होतं की इथल्या रेडिओवर काही शब्द उच्चारायलाच बंदी होती. मग लिहिणारे लोक दार लावायचे, डॉक्टरला बोलवायचे, फोन वाजवायचे, एखाद्या आईला मध्येच गप्प करायचे. ती हे रागारागानं सांगायची. तिला वाटायचं की ती सगळी मंडळी भित्री होती.

आणि मग ती एक गोष्ट लागली. सुरुवातीला नेहमीची खरखर, जुन्या रेडिओची. एक तेरा वर्षांची मुलगी एक दिवस हरवते आणि परत येते. दोन पोलीस तिच्या घरी जातात. आई त्यांना कॉफी देते, कपबशीचा आवाज येतो. सई थांबवून थांबवून मला मराठीत सांगत होती. पोलीस विचारतो, मुलगी कुठे आहे. आई म्हणते, झोपली आहे. पोलीस विचारतो, काल तिनं कुठला फ्रॉक घातला होता. आई म्हणते, तो मी धुतला, दोरीवर आहे.

मग बराच वेळ कुणीच बोलत नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पोलीस एक वाक्य बोलतो आणि संगीत सुरू होतं.

"तो म्हणाला, इट्स ऑल राइट, पुढे नाही सांगितलं तरी चालेल," सई म्हणाली. "वेट. पण काय झालं तिला? कुणीच नाही सांगितलं." तिनं तीनदा अगदी सुरुवातीला नेऊन ऐकलं. मला ती खरखर तीनदा ऐकावी लागली. माझे हात कणकेत तसेच होते.

"आजी, तुला कळलं?"

मी मान हलवली.

"कसं?"

"तिनं फ्रॉक धुतला ना," मी म्हटलं.

सई माझ्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते उमटलं. तिला समजलं आणि तिचा राग कुठेतरी गेला. पण मग तिनं दुसरं विचारलं. "पण तुला इतक्या लगेच कसं कळलं?"

मी म्हटलं, "असंच." आणि पोळी लाटायला घेतली.

असंच नव्हतं ते. ते इथे लिहायचं म्हणून तर वही उघडली, आणि आता इथवर आल्यावर पेन टेबलावर ठेवून दोनदा चहा करून आले.

आमचं गाव कापसाचं. दिवाळीनंतर रस्त्यानं गाड्यांची रांग लागायची, आणि गल्लीत कापूस उडायचा. दाराच्या चौकटीला, बाभळीच्या काट्यांना, आमच्या वेण्यांना पांढरे पुंजके चिकटलेले असायचे. बायामाणसं सकाळीच वेचणीला जायची आणि दुपारी गल्ली ओस पडायची. गल्लीत रेडिओ एकाच घरी होता. ते घर सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातल्या कारकुनाचं. त्यांना सगळे दिवाणजी म्हणायचे, आम्ही मुलं दिवाणजीमामा म्हणायचो. त्यांच्या दाराला निळा रंग होता. साहेबांची श्रुतिका असायची त्या संध्याकाळी ते रेडिओ खिडकीत ठेवायचे, आम्हाला बाहेरच्या ओट्यावर बसवायचे आणि मूठ मूठ शेंगदाणे वाटायचे. हे मी सईला सांगितलं नव्हतं. रेडिओ होता, एवढंच सांगितलं होतं.

ओट्यावर माझ्या शेजारी नेहमी एक मुलगी बसायची. आमच्या शेजारच्याच घरातली. मी चौथीत होते, ती सातवीत. तिला शुद्ध बोलता यायचं, साहेबांसारखं. ती माझी मैत्रीण होती असं मी समजायची, तिला काय वाटायचं कोण जाणे.

त्या हंगामात एका दुपारी मधल्या सुट्टीत मी भाकरी खायला घरी आले. ती माझ्या पुढे चालत होती. दिवाणजीमामांनी दारातून तिला हाक मारली. मामी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या. ती आत गेली आणि दार लागलं. मग रेडिओ लागला, मोठ्यानं. मला नवल वाटलं, कारण दुपारी त्या वेळेला काहीच लागत नसे. आणि खरंच काही लागलं नव्हतं. नुसती खरखर होती. मला वाटलं, आज खास श्रुतिका असेल, मामा स्टेशन लावत असतील. मी पळत जाऊन ओट्यावर बसले. खिडकी बंद होती. मी वाट पाहिली. खरखर थांबेना. मग शाळेची घंटा झाली आणि मी भाकरी न खाताच परत गेले.

ती त्या संध्याकाळी घरी आली नाही. तिचे वडील चौकीवर जाऊन हरवल्याचं सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाल्यापलीकडच्या कापसाच्या वावरात बसलेली सापडली. अंगात ताप होता. रात्रभर ती तिथेच होती का, कशी गेली, मला आजही माहीत नाही. दुपारी मी पाहिलं, तिची आई दारातल्या दगडावर तिचा परकर धूत होती. एकदा धुतला, पिळला, झटकला, आणि दोरीवर टाकायच्या ऐवजी परत दगडावर घेतला.

चार दिवसांनी हवालदार आले. मुलगी सापडली होती, पण कागद पुरा करायचा असेल. ते दारोदार विचारत आमच्याकडे आले. आई माझ्या मागे उभी होती. हवालदार माझ्यासमोर उकिडवे बसले. जाडसर, दमलेला माणूस. आवाज साहेबांसारखा नव्हता, पण वाईटही नव्हता. त्यांनी विचारलं, "बाळ, त्या दिवशी दुपारी तू घरी आली होतीस म्हणे. काही दिसलं का तुला?"

आता जे लिहिते ते कुणाला खरं वाटणार नाही. मी घाबरले नव्हते. आईनं मला काही पढवलं नव्हतं. मी हवालदारांकडे पाहिलं, मग समोरच्या निळ्या दाराकडे पाहिलं, मग रेडिओतल्या बायका करत असतील तशी मान खाली घातली आणि परकराचं टोक तोंडाशी धरलं. आणि थांबले. आता ते म्हणतील, समजलं मला, पुढचं सांगू नका. माझ्या मते मी सगळं सांगून झाले होते. पोलिसांना सांगायची रीत अशीच असते. पोलिसांना समजतंच.

तेही थोडा वेळ थांबले. मग "बरं" म्हणाले आणि वही खिशात घातली. तिथून ते दिवाणजीमामांच्या ओट्यावर गेले. गल्लीत खुर्ची असलेलं ते एकच घर. मामांनी त्यांना चहा दिला. मी दारातून बघत होते आणि माझी छाती धडधडत होती, भीतीनं नाही, अभिमानानं. रेडिओतले साहेबसुद्धा बेड्या घालायच्या आधी गुन्हेगाराच्या घरी चहा प्यायचे.

मी वाट पाहत राहिले. आठ दिवस, पंधरा दिवस. श्रुतिकेच्या संध्याकाळी निळ्या दाराशेजारच्या खिडकीत रेडिओ पुन्हा लागला, शेंगदाणे वाटले गेले. माझ्या मैत्रिणीला तिच्या आजोळी पाठवलं होतं. ती परत आली नाही. आणि एक दिवस आई म्हणाली, पुरे आता शाळा. फक्त मलाच नाही, आमच्या गल्लीतल्या पाच मुलींच्या शाळा त्या हंगामात बंद झाल्या. का, ते कुणी बोललं नाही. हेडमास्तर घरी येऊन गेले म्हणून मला एप्रिलात चौथीच्या परीक्षेपुरतं बसू दिलं. मी पास झाले.

म्हणजे सगळ्यांना समजलं होतं. आईला समजलं होतं, शेजारणींना समजलं होतं, तिच्या आईला तर होतंच. एक शब्द न बोलता सगळ्यांना समजलं आणि सगळ्यांनी आपापल्या मुली घरात घेतल्या. त्या निळ्या दारातल्या माणसाला कुणी काही केलं नाही. माझ्या लग्नात तो पंगतीत जिलबी वाढत होता. माझ्या ताटात त्यानं दोन वाढल्या. मी मान खाली घालून बसले होते. नवरीनं तसंच बसायचं असतं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

हे सगळं पोळ्या लाटताना माझ्या मनात होतं आणि मी सईला "असंच" म्हटलं.

सईनं प्रोजेक्ट लिहिला. तिला ए मिळाला. बाईंनी एका वाक्याखाली दोन रेघा मारून बाजूला हसरा चेहरा काढला होता. सईनं ते वाक्य मला मराठीत सांगितलं. "माझ्या आजीला इंग्लिश येत नाही, पण तिला न बोललेलं सगळं समजलं." आधी तिला वाटायचं की रेडिओवाले भित्रे होते. आता तिचं मत बदललं होतं. न बोलणं म्हणजे त्या मुलीचा मान राखणं, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. आणि हे ती माझ्याकडून शिकली, असंही. केतकीनं तो कागद फ्रिजवर लावला. वर्षभर दूध काढताना मी तो बघत होते.

तेव्हा मी काही बोलले नाही. शाळेचाच कागद होता. यंदा मागच्या रविवारी सईचा फोन आला. तिच्या कॉलेजात मुलं आपलं लिखाण वाचून दाखवतात असा कार्यक्रम आहे, येत्या शुक्रवारी. ती तोच निबंध वाढवून वाचणार आहे. शंभरएक मुलंमुली असतील म्हणाली. शेवट माझ्यावरच आहे. मी म्हटलं, छान. फोन ठेवला आणि डेक झाडायला गेले, नुकताच झाडलेला.

तेव्हापासून माझं काही ठरत नाही. कधी वाटतं, सईचं बरोबरच आहे. नितीन आता टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघतो. त्यात सगळं दाखवतात, त्या मुलींचे चेहरे, त्यांची अंगं, त्यांचं ओरडणं. मी उठून जाते. रेडिओवाल्यांनी त्या मुलीला खोलीत झोपू दिलं, तिला कुणापुढे आणलं नाही. त्यात माया होती. आमच्या साहेबांच्या "पुढचं सांगू नका"मध्येही होती. माझ्या मैत्रिणीला चौकीत बसवून सगळ्यांसमोर बोलायला लावलं असतं, तर बरं झालं असतं का? मी बोलले असते तर तसंच झालं असतं का? की हवालदारांनी चहा न पिता दुसरं काही केलं असतं? ती गावातच राहिली असती? मी पाचवीत गेले असते? मी दहा वर्षांची होते. माझी चूक होती का, हेसुद्धा मला कळत नाही. कधी वाटतं, नव्हती. मग झाडू हातात घेतला की वाटतं, तोंड तर मलाच होतं.

एवढं मात्र दिसतं की साहेब "समजलं मला" म्हणायचे आणि मग जीपमध्ये बसायचे. मी जीपशिवायचं, नुसतं समजणं शिकले.

आणि आता शंभर मुलांना सांगितलं जाणार आहे की सईच्या आजीला न बोललेलं समजतं, आणि त्यात मान आहे. त्या शंभरांत कुणीतरी माझ्यासारखं बंद दाराबाहेर ओट्यावर बसलेलं असेल. त्याला वाटेल, सांगायची गरज नसते.

एवढं लिहून वही मिटली, आणि बुधवारी दुपारी मी सईला फोन केला. मी कुणाला आपणहून फोन करत नाही, त्यामुळे ती घाबरली. "आजी? बाबा ओके आहे ना?" मी म्हटलं, सगळे ओके. तुला वर्ग आहे का आत्ता? नाही म्हणाली, बाहेर बाकावर बसली आहे, बोल. मी म्हटलं, तू माझ्याबद्दल लिहिलंस ते बरोबर नाही.

"कुठलं? तुला राग आला?"

राग नाही, मी म्हटलं. आणि मग मला शब्दच सापडेनात. मी म्हटलं, आमच्या गल्लीत एक मुलगी होती, तिच्यावर प्रसंग आला. सईला प्रसंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिच्या बाबतीत नको ते झालं. "नको ते म्हणजे? शी डिडन्ट वॉन्ट समथिंग?" मी म्हटलं, वाईट झालं गं तिचं. "वाईट म्हणजे आजारी?" माझ्याकडे जे जे शब्द होते ते सगळे असे की ऐकणाऱ्याला आधीच समजलेलं असावं लागतं. सईकडे ते मराठी नव्हतं. तिला दार म्हणजे दार आणि रेडिओ म्हणजे रेडिओ एवढंच कळत होतं.

म्हणून मी दार आणि रेडिओ सांगितला. मुलगी आत गेली. माणसानं दार लावलं. रेडिओ मोठ्यानं लावला, त्यात गाणं नव्हतं, बोलणं नव्हतं. मी बाहेर बसले होते. मग तिला ताप आला आणि तिच्या आईनं परकर दोनदा धुतला. मग हवालदार मला विचारायला आले आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. आत काय झालं ते मला माहीत नाही, मी म्हटलं. पण मी जे पाहिलं ते मला माहीत होतं. मला वाटलं, त्यांना समजलं असेल.

बोलताना माझा आवाज फुटला. मी बोलायची थांबले.

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता, लांब कुणीतरी मुलं हसत होती. ती श्वास घेत होती ते मला ऐकू येत होतं. मला वाटलं, समजलं तिला. मी डोळे पुसले आणि फोन ठेवायला बोट पुढे केलं.

मग थांबले. फोन परत कानाला लावला.

"सई," मी म्हटलं, "समजलं का तुला?"

ती म्हणाली, "नाही आजी. सगळं नाही समजलं. तो माणूस कोण होता? परत सांगशील? हळू सांग."

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदा त्याचं नाव सांगितलं.